सालीखालचं कडं

मी चारकोपमधला एक जुना फणस आहे, आणि मला बोलायला फार वेळ नाही. झाडांना कसली घाई, असं तुम्हाला वाटत असेल. मला आहे. येत्या मे महिन्यात आमच्या सोसायटीची सभा भरेल. माझी मुळं जिवंत आहेत की मेली, हे तेव्हा बघतील आणि मला ठेवायचं की कापायचं ते ठरवतील. तेव्हा मित्रांनो, मी जरा भराभर सांगणार आहे. मध्येच चिडलो किंवा रडकुंडीला आलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म १९९१चा. चारकोपला तेव्हा बैठ्या घरांच्या सोसायट्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. मध्ये मोकळा चौक आणि चौकाभोवती घरं. त्यातल्या एका घरात विमला आणि चंद्रप्रकाश राहायला आले. चंद्रप्रकाशचे वडील गिरणीत होते. तो स्वतः इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. पहिल्याच उन्हाळ्यात देवगडकडच्या त्यांच्या गावाहून एक फणस आला. गरे खाऊन झाले, आठळ्या भाजून झाल्या, आणि उरलेली एक आठळी विमलानं तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून लावली. ती मी.

त्याच पावसाळ्यात मी डब्यातून चौकाच्या मातीत आलो, आणि चंद्रप्रकाशनं गावाहून कोंब आलेला एक नारळ आणला आणि माझ्यापासून आठ-दहा पावलांवर लावला. मी विमलाचा आणि माड चंद्रप्रकाशचा, असं घरात वाटपच झालं होतं. मासे धुतलेलं पाणी आम्हा दोघांना निम्मं निम्मं मिळायचं. माडाला जरा जास्त मिळायचं, ते मी बघत होतो.

आता मला माझ्या आतलं थोडं सांगावं लागेल, नाही तर पुढचं तुम्हाला कळणार नाही. झाडाच्या खोडात दोन प्रकारच्या नळ्या असतात. जलवाहिन्या मुळांकडचं पाणी वर पानांपर्यंत नेतात. रसवाहिन्या पानांनी तयार केलेलं गोड अन्न खाली मुळांपर्यंत आणतात. मी हातभर उंचीचा होतो तेव्हा या नळ्यांच्या छोट्या छोट्या जुड्या माझ्या कोवळ्या खोडात गोलाकार मांडलेल्या होत्या. मी वाढलो तशा त्या जुड्या एकमेकींना भिडल्या आणि त्यांचं अखंड कडं झालं. कड्याच्या आतल्या बाजूला जलवाहिन्या, म्हणजे तुम्ही ज्याला लाकूड म्हणता ते. बाहेरच्या बाजूला, अगदी सालीला लागून, रसवाहिन्या. आणि दोन्हींच्या मध्ये एक पातळ ओला थर, त्याला पुस्तकात एधा म्हणतात. तो थर दरवर्षी आत नवं लाकूड घालतो, बाहेर नव्या रसवाहिन्या घालतो, म्हणून माझा बुंधा जाड होत जातो. माझ्या मुळांचं सगळं जेवण सालीखालच्या त्या बोटभर जाडीच्या थरातून उतरतं. दुसरी वाट नाही.

माडाचं सगळं निराळं. त्याच्याही खोडात जुड्या आहेत, पण थालीपीठात कांदा पसरलेला असावा तशा त्या खोडभर विखुरलेल्या आहेत. प्रत्येक जुडीत पाण्याची नळी आणि अन्नाची नळी शेजारी शेजारी. त्याला कडं नाही, एधाही नाही. म्हणून माड उंच उंच जातो, पण त्याचा बुंधा वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. आणि म्हणूनच त्याला कुठेही खिळा ठोका, खाच पाडा, थोड्या जुड्या तुटतात, बाकीच्या हजारो चालू राहतात.

हे चंद्रप्रकाशला आमच्या दोघांपैकी एकाविषयीच माहीत होतं. माझी सगळी कथा एवढ्यात आली.

तीस वर्षं आमची बरी गेली. घरांवर मजले चढले, चौकात फरशा आल्या, माझ्या सावलीत स्कूटर आणि मग गाड्या लागू लागल्या. विमला माझ्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करायची, पिकलेल्या फणसाची सांदणं करून घरोघरी पाठवायची. तिचा मुलगा सुयोग मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मुलुंडची मानसी सून म्हणून आली. मानसी विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रविवारी ती माझ्याखालच्या कट्ट्यावर बसून पेपर तपासते. मुलांनी चुकीचं लिहिलं की कपाळावर हात मारते.

मग २०२१चा मे आला आणि ते वादळ आलं. दिवसभर वारा आणि पाऊस. माझ्या दोन फांद्या मोडल्या. माड मात्र मुळापासून हलला आणि समोरच्या घरांच्या पत्र्याकडे कलला. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणू लागले की माड कापून टाकावा. चंद्रप्रकाश तेव्हा साठ उलटलेला, नुकताच निवृत्त झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी. चारकोप गावठाणातल्या अनंता कोळ्याला तो बोलावून घेऊन आला.

अनंताच्या घरची बोट होती, आता थोरला भाऊ चालवतो. अनंता बाजारात मासे विकतो. पण दोर आणि गाठी त्याच्या हाताला जन्मापासून ठाऊक. त्यानं बोटीची जुनी लोखंडी वायर आणली. माडाला ओढून सरळ करायचं आणि ती वायर जवळच्या भक्कम झाडाला बांधायची, असं ठरलं. भक्कम झाड म्हणजे मी.

मित्रांनो, मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं शेजारी उभा असलेला माड पडत होता आणि त्याला मी धरणार होतो. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर त्यांनी माझ्याभोवती वायरचे दोन वेढे घातले.

तेवढ्यात अनंता म्हणाला, "चंदू, वेढ्याखाली फळकुटं घाल रं. नायतर ही वायर सालीला खाईल."

चंद्रप्रकाश हसला. "अरे, माडाक आमच्याकडे खालपासून शेंड्यापर्यंत पाय ठेवायला खाचे मारतत. खयचो माड मेलो? आणि ह्यो तर माडाच्या दुप्पट जाड. ह्येका काय होवचा नाय."

"तुझं झाड, तू बघ," असं म्हणून अनंतानं गाठ मारली. कोळ्याची गाठ ती, आजतागायत सुटलेली नाही. माड सरळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रप्रकाशनं माझ्या बुंध्यावर थाप मारली आणि विमलानं दोघांना चहा दिला.

पहिलं वर्ष काही झालं नाही. माझा बुंधा नेहमीसारखा वाढला आणि वायर घट्ट झाली, एवढंच. दुसऱ्या वर्षी ती सालीत रुतली. मी वाढ थांबवू शकत नाही, हो. एधा मला विचारून काम करत नाही. ती दर पावसाळ्यात नवा थर घालते, आणि प्रत्येक नवा थर मला त्या वायरवर आणखी दाबत गेला. तुम्हाला कुणी आवळत असेल तर तुम्ही अंग चोरून घ्याल. मला अंग चोरता येत नाही.

माडालाही तीच वायर होती. त्याच्या बुंध्यावर एक तांबडा ओरखडा उठला, बस्स. तो जाड होतच नव्हता, तर वायर रुतणार कुठून? त्याच्या नळ्या खोडभर पसरलेल्या, वायर लागणार कशाला? तो मजेत झुलायचा आणि प्रत्येक झुलण्याला माझ्या गळ्याला हिसका बसायचा. मी त्याच्यावर फार चिडलो होतो. त्याचा काही दोष नव्हता, तरी चिडलो होतो.

तिसऱ्या वर्षी रसवाहिन्या चेपल्या गेल्या. पानं सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबून अन्न तयार करायची, ते खाली यायचं, वायरपाशी यायचं आणि थांबायचं. वायरच्या वरच्या बाजूला माझी साल सुजली, ओठासारखी बाहेर आली. खाली मुळं वाट बघत होती. मुळांनी सुरुवातीला आपल्यातली साठवण खाल्ली. तीस वर्षांत साठवलेलं बरंच होतं. म्हणून ती मुकाट्यानं पाणी वर पाठवत राहिली. जलवाहिन्या आत लाकडात होत्या, त्यांना वायर पोचली नव्हती. त्यामुळे पानं हिरवीगार होती. खालून कुणी वर बघितलं तर म्हणेल, काय छान झाड आहे.

आणि म्हणालेच. २०२४च्या उन्हाळ्यात मला बेचाळीस फणस लागले. एवढे कधीच लागले नव्हते. खाली जाऊ न शकलेलं सगळं अन्न फळांत गेलं होतं, म्हणून ते लागले होते. सोसायटीत सगळे खूश. लोक फोटो काढत होते. "विमलाकाकी, यंदाचा फणस एकदम झकास!" असं जो तो सांगत होता. विमला माझ्या बुंध्याला हात लावून म्हणाली, "बाबा रे, असोच लागत जा." ती माझी माणूस. तिच्या हाताच्या वीतभर वर वायर होती, पण तिथे सोसायटीची पत्र्याची पाटी टांगलेली होती: 'कृपया येथे गाड्या लावू नयेत.' पाटीला आयती तार मिळाली म्हणून कुणीतरी ती तिथे अडकवली होती. त्या पाटीखाली मी आवळला जात होतो आणि पाटीसमोर गाड्या लागत होत्या.

मला ओरडावंसं वाटायचं. फळं मोजू नका, माझी मुळं उपाशी आहेत, पाटी उचलून बघा! पण झाडाला ओरडता कुठे येतं? झाड आपली पानं टाकतं. तेवढीच आमची हाक.

२०२५च्या पावसाळ्यात मी पानं टाकायला लागलो. भर पावसात, जेव्हा सगळी झाडं तरारतात, तेव्हा माझा शेंडा उघडा पडला. बारीक मुळं मरायला लागली होती, पाणी पुरेसं वर येत नव्हतं. फरशांखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. दिसत होती ती माझ्या पानांनी तुंबलेली गटारं.

नितेश आमच्या सोसायटीचा चेअरमन. तरुण आहे, वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट त्याच आठवड्यात संपवायची असते. तो चंद्रप्रकाशला म्हणाला, "काका, वाळलंय ते झाड. कुणाच्या गाडीवर फांदी पडली तर वाट लागेल आपली. पालिकेला अर्ज देऊन टाका ना. माड राहू दे, तो चांगला आहे."

चंद्रप्रकाशनं अर्ज लिहिला. माझ्याच कट्ट्यावर बसून लिहिला. 'सदर फणसाचे झाड वयोमानानुसार वाळलेले असून धोकादायक झाले आहे.' लिहिताना त्यानं दोनदा चष्मा काढून पुसला. मी चौतीस वर्षांचा. फणसाला हे वय म्हणजे भर उमेद! माझ्या जातीची झाडं कोकणात त्याच्या आजोबांच्या आधीपासून उभी आहेत, आणि हा माणूस माझं वय झालं म्हणून लिहीत होता. मित्रांनो, त्या क्षणी मी त्याचा इतका राग केला की सांगता सोय नाही. पण त्याहून जास्त मी घाबरलो होतो.

तो अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी जायचा होता. त्याच दुपारी मानसी खाली आली. तिच्या हातात ताट होतं, ताटात तेरड्याची दोन-तीन रोपं, मक्याच्या खोडाचा एक तुकडा, ब्लेड, भिंग आणि लाल रंगाची बाटली. आठवड्याच्या प्रात्यक्षिकाआधी काप नीट येतात का, ते ती घरी करून बघते. तिनं तेरड्याच्या खोडाचे पातळ पातळ काप केले, मक्याचे केले, रंगात बुडवले आणि बशीत पाण्यावर सोडले. चंद्रप्रकाश शेजारीच बसला होता, अर्ज मांडीवर.

"बाबा, बघा ना गंमत," ती म्हणाली आणि तिनं भिंग त्याच्या हातात दिलं.

त्यानं बघितलं. "ठिपके दिसतत."

"तेरड्यात कसे आहेत?"

"गोल. कडेकडेन. बांगडी केल्यासारखे."

"आणि मक्यात?"

"सगळीकडे इस्काटलेले."

"हां. हे ठिपके म्हणजे नळ्यांच्या जुड्या. मका, ऊस, बांबू, आपला माड, सगळे असे विखुरलेले. तेरडा, आंबा, फणस, हे कड्यासारखे. म्हणून आंब्याची साल गोल सोलली तर झाड मरतं. माडाला..." बोलता बोलता ती थांबली. तिनं मान वर केली आणि माझ्या बुंध्याकडे बघितलं. मग पाटीकडे बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "वादळात माड बांधला होता, त्या वायरचा वेढा कुठेय?"

"तिथेच. त्या पाटीमागे."

"सोडली नाही कधी?"

"सोडली तर माड पडात."

तिनं पाटी उचलली. तिथे वायर दिसतच नव्हती. माझी सुजलेली साल वरून आणि खालून तिच्यावर चढली होती, मध्ये एक खोल चर तेवढा दिसत होता. मानसीनं चंद्रप्रकाशचा हात धरला आणि त्याची बोटं त्या चरात घातली. बोटं पहिल्या पेरापर्यंत आत गेली. बाहेर आली तेव्हा नखात गंज होता.

माझ्याभोवती फिरून चंद्रप्रकाशनं सगळीकडे हात घातला. चर सगळीकडे होता, कुठेही खंड नव्हता. मग तो म्हणाला, "माका वाटला माडासारखाच..." आणि त्यानं हात चरातून काढला. मानसीनं त्याला काही ऐकवलं नाही. चांगली मुलगी आहे. मी असतो तर ऐकवलं असतं.

अर्ज त्यानं फाडला नाही. तो घेऊन तो संध्याकाळी कमिटीपुढे गेला. कमिटी माझ्याखालीच बसते, म्हणून मी ऐकलं. तो म्हणाला, "हा अर्ज खोटा आहे. झाड वयानं वाळलेलं नाय. मी मारलंय त्याला. चार वर्षं गळ्यात वायर ठेवून मारलंय. मला उन्हाळ्यापर्यंत वेळ द्या."

सेक्रेटरीनं असं काही कबूल केल्याचं कमिटीनं कधी ऐकलं नव्हतं. नितेशनं मान खाजवली. "काका, मेपर्यंत. त्यानंतर माझ्याच्यानं होणार नाही."

आता वायर काढायची, तर माड पडायचा. अनंताला पुन्हा बोलावलं. त्यानं माझ्या चराकडे बघितलं आणि चंद्रप्रकाशकडे बघितलं. "मी बोललो होतो ना तुला?"

"बोललो होतंस."

"मग मी तरी मागनं येऊन बघायला पाहिजे होतं. वायर माझी, गाठ माझी," अनंता म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला. त्यानं बोटीचे जाड नायलॉनचे दोर आणले. चंद्रप्रकाशनं जुन्या वर्कशॉपमधून लोखंडाचे तीन खुंट करून आणले, ते चौकात रोवले, आणि माडाला तीन बाजूंनी जमिनीशी बांधलं. या वेळी माडाच्या दोरांखालीसुद्धा फळकुटं घातली. मग दोघांनी ग्राइंडरनं वायर कापली. वरचा वेढा निघाला. आतला निघेना. तो लाकडात गेला होता. तो काढायचा तर मलाच चिरावं लागलं असतं. तो तसाच राहिला.

वायर गेली, म्हणजे मी सुटलो असं सगळ्यांना वाटलं. मित्रांनो, मी सुटलो नव्हतो. चरामधली चार बोटं रुंदीची साल गोल मेलेली होती. तिच्या वर अन्न, तिच्या खाली भूक, आणि मध्ये काहीच नाही. नुसती वायर काढून मेलेल्या रसवाहिन्या परत येत नाहीत.

मानसीनं पुस्तकं काढली. वर आणि खाली, दोन्हीकडच्या जिवंत सालीत घुसवून मधल्या जागेवर काड्यांचा पूल बांधतात, असं तिनं वाचलं होतं. केलेलं कधी नव्हतं. चंद्रप्रकाशचे आजोबा गावात आंब्याची कलमं बांधायचे, त्यानंही लहानपणी बांधली होती. "फणसाची कधी बांधूक नाय," तो म्हणाला. पण त्यानं चाकूला धार लावली.

माझ्याच फांद्यांच्या पेन्सिलीएवढ्या सात काड्या त्यांनी कापल्या. प्रत्येक काडीची दोन्ही टोकं तिरकी तासली. काडीचा शेंडा वर, बूड खाली, उलटी लावली तर फुकट. चराच्या वरच्या सालीत एक टोक, खालच्या सालीत दुसरं, अशा सात काड्या गोल बसवल्या, पट्टीनं बांधल्या, वर मेण लावलं. काडीची एधा माझ्या एधेला नेमकी टेकली पाहिजे, केसाइतकं अंतर राहिलं तरी ती वाळते. विमला स्टुलाजवळ उभी राहून चंद्रप्रकाशचा चष्मा वर सारत होती आणि दर काडीला देवाचं नाव घेत होती.

पहिली काडी आठव्या दिवशी काळी पडली. मग दुसरी. दिवाळीपर्यंत पाच गेल्या. सहावी त्यानंतरही महिनाभर हिरवी राहिली, मला वाटलं ही जगली, आणि एका दुपारी तिची साल सुरकुतली. मला त्या दुपारी अगदी हरल्यासारखं झालं. खाली मुळं एकेक करून विझत होती. पश्चिमेकडचं जाड मूळ, जे मी तीस वर्षं नितेशच्या घराखालपर्यंत पसरवलं होतं, त्याच्याकडून आता काहीच येत नव्हतं. मी हाक मारतो, ते उत्तर देत नाही.

सातवी काडी अजून हिरवी आहे. एकच. करंगळीएवढी. एका मोठ्या झाडाच्या सगळ्या मुळांना एका काडीतून जेवायला घालायचं आहे. तिच्यातून जे उतरतं ते थेंब थेंब उतरतं. ती जाड व्हायला दोन पावसाळे तरी लागतील, आणि सभा मे महिन्यात आहे.

माझ्या शेंड्याला गेल्या महिन्यात चार नवी पानं आली. लोक म्हणाले, "वाचला, वाचला!" त्यांनी पुन्हा वर बघितलं. चंद्रप्रकाशनं बघितलं नाही. तो आता वर बघतच नाही. काल सकाळी त्यानं माझ्या बुंध्याजवळच्या चार फरशा उखडल्या, गुडघ्यावर बसला आणि हातानं माती उकरू लागला. पश्चिमेकडचं मूळ लागलं. त्यानं नखानं खरवडलं. ते कोरडं होतं, साल भुशासारखी हातात आली. त्याच्या शेजारचंही तसंच. ओंजळभर माती बाजूला करून तो सातव्या काडीच्या बाजूला सरकला आणि तिकडे उकरलं. अंगठ्याएवढं मूळ लागलं. त्यानं नख रोवलं.

मी असेल नसेल ते बळ तिथे पाठवलं. नखाखाली पांढऱ्या चिकाचा एक थेंब आला.

विमला खोबरेल घेऊन खाली आली, कारण फणसाचा चीक पाण्यानं जात नाही, त्याला तेल लावावं लागतं. चंद्रप्रकाशनं हात मागे घेतला. "रवांदे," तो म्हणाला. "रवांदे गो, नको पुसू." आणि बोटावरचा चीक बघत तो मातीत तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. विमलानं वाटी खाली ठेवली आणि ती त्याच्याजवळ बसली.

मित्रांनो, माझा राग गेला. आता मला फक्त जगायचं आहे. मी जगेन की नाही ते मला ठाऊक नाही, आणि एका थेंबावरून कमिटीचं मन वळेल असंही मला वाटत नाही. पण तुमच्या इमारतीखाली, शाळेच्या फाटकाशी, रिक्षा स्टँडवर एखादं झाड असेलच. त्याला दिव्यांची माळ गुंडाळली असेल, पाटीची तार असेल, लहानपणी घातलेला आणि नंतर कुणी काढला नाही असा लोखंडी पिंजरा असेल. ते हिरवं दिसेल. त्याला फळंही लागतील. तुम्ही पानांकडे बघू नका. जवळ जा, बुंध्याभोवती हात फिरवा, आणि बोटाला तार लागली तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला बोलावून ती सोडवून घ्या. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नका. माझ्या बुंध्याभोवती हात फिरला, तेव्हा चार वर्षं झाली होती.